नसलेलं सील बदलून देणारे उस्ताद

"जुनी गाडी आहे साहेब, थोडं गळणारच." हे वाक्य यापुढे कुणी माझ्यासमोर उच्चारलं तर ऑइलचा अख्खा डबा त्याच्या डोक्यावर ओतीन. जुनी आहे म्हणून गळत नाही रे, तुम्ही नीट बघत नाही म्हणून गळते!

गाडी अँबॅसडर, मार्क टू. इंजिन 1489 सीसीचं, बीएमसीच्या, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, बी-सिरीजमधलं. 2021च्या नियमानुसार पन्नाशी उलटलेली, मूळ रूपात जपलेली गाडी म्हणजे विंटेज. आमच्या मेकॅनिक उस्तादांच्या मते ऑइलची गळतीही बहुधा त्या मूळ रूपातच मोडते.

अहो, ऑइल वरून खाली येतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे सरकतं. गळतंय वर टॅपेट कव्हरला, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाला, थेंब पडतो मागे बेल हाउसिंगखाली, म्हणजे क्लचच्या आवरणाखाली. एवढं कळायला इंजिनिअरिंग कॉलेज लागतं का? रॉकेलने इंजिन स्वच्छ पुसा, कोरडं झालं की टाल्कम पावडर मारा, थोडा वेळ चालू ठेवा. पावडर जिथे पहिल्यांदा ओली होईल तिथे गळती. पण नाही! पुसायचं कुणी? त्यापेक्षा दिसेल त्या फटीत सिलिकॉन थापा. आतल्या बाजूला दबून बाहेर आलेल्या त्या सिलिकॉनच्या शेवया सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकल्या, की इंजिन कुणाच्या नावाने जॅम होणार?

इंजिनाच्या ब्लॉकच्या बाजूला, मॅनिफोल्डच्या (हवा आत नेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या नळ्यांच्या) मागे दोन साइड कव्हरं आहेत. हात घालायला अडचण, म्हणून तिथे कुणी बघतच नाही. चुकून बघितलंच तर मधला बोल्ट ट्रकचं चाक आवळावं तसा आवळतात. पातळ पत्र्याचं कव्हर आहे ते, आत कॉर्कचं पॅकिंग. पत्रा वाकतो, कॉर्क फाटतं, आणि आधी नुसतं पाझरत होतं ते वाहायला लागतं. नाना पेठेतून पॅकिंग आणावं तर वर्षानुवर्षं फळीवर सुकलेलं, हातात घेताच तुकडा पडणारं. वर दुकानदार छातीठोकपणे सांगतो, "ओरिजिनल आहे." असेल हो, कॉर्कचं झाड लावलं तेव्हापासूनचं!

ऑइल फिल्टरचीही तीच तऱ्हा. जुनी रबर रिंग खाचेत तशीच ठेवायची, तिच्यावर नवी बसवायची, आणि गळायला लागलं की "साहेब, रिंगची क्वालिटीच खराब."

आणि ब्रीदर, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी. तो बुजला की इंजिनातला दाब वाढतो आणि ऑइल सापडेल त्या सांध्यातून बाहेर पडतं. नळी काढून साफ करायला खर्च जवळपास शून्य. बहुतेक म्हणूनच कुणी सुचवत नसावं.

या सगळ्यावर कडी म्हणजे "मागचं सील गेलंय." थेंब बोटावर घेऊन, चोळून, वैद्यबुवांच्या थाटात निदान. अरे, कुठलं सील? या इंजिनाला क्रँकच्या, म्हणजे आतल्या मुख्य फिरत्या शाफ्टच्या, मागे रबरी सील नाहीच! शाफ्टवर आटे कापलेत, शाफ्ट फिरला की ते ऑइलला इंजिनाखालच्या चेंबरकडे परत ढकलतात. एवढीच सोय. त्यातून थोडं सुटणार हे बनवणाऱ्यांनाही माहीत होतं, म्हणून तर बेल हाउसिंगच्या तळाला बारीक भोक ठेवलंय, ते बुजू नये म्हणून त्यात स्प्लिट पिन सोडलीय. मी बाहेरगावी असताना एका महाभागाने ती पिन उपटली आणि भोकात एम-सील भरलं. गळती बंद! सोसायटीचे चेअरमनही खूश, त्यांच्या फरशीवर डाग नाही.

ऑइल जाणार कुठे? आतच साठलं आणि क्लच प्लेटला लागलं. सिंहगडाच्या चढावर इंजिन बोंबलतंय आणि गाडी जागची हलत नाही. प्लेट बदलायला सगळं उतरवावं लागलं. बिल हातात आलं तर त्यात क्लच प्लेटच्या खाली ठळक अक्षरांत "रिअर ऑइल सील, नवीन".

म्हटलं, काढलेलं जुनं सील दाखवा.

"कचऱ्यात गेलं, साहेब."