शेळीचं दूध ‘चालतं’ म्हणणाऱ्यांना

घरच्या ग्रुपवर तो मेसेज परत आलाय: ‘बाळाला दुधाची अ‍ॅलर्जी? देशी गाईचं ए-टू द्या, नाहीतर शेळीचं. साजूक तूप कुणालाच बाधत नाही. रोज थेंबथेंब पाजा, सवय होते.’ माझ्या मुलाला हीच अ‍ॅलर्जी आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

ए-वन आणि ए-टू हे गाईच्या दुधाचे दोन प्रकार, त्यांच्यातला फरक म्हणजे बीटा-केसीन या प्रथिनाच्या 209 कड्यांच्या साखळीत 67व्या जागी एक कडी वेगळी, एवढाच. बाकीची प्रथिनं दोन्हीकडे तीच, आणि अ‍ॅलर्जी प्रथिनांची असते. गाय देशी आहे की जर्सी, हे मुलाच्या अंगावरच्या गांध्यांना कळत नाही.

शेळीच्या दुधातली प्रथिनंही इतकी सारखी, की गाईचं बाधणाऱ्या दहातल्या नऊ मुलांना तेही बाधतं. म्हशीचंही तेच. उकळून उपयोग नाही, केसीन हे दुधातलं मुख्य प्रथिन उष्णतेला दाद देत नाही. लॅक्टोज-फ्री दुधातली फक्त साखर मोडलेली असते. ते पोट फुगणाऱ्यांसाठी.

तुपाचं जरा अवघड आहे, कारण ते जवळजवळ निव्वळ स्निग्धच. पण घरी लोणी कढवताना तळाशी खमंग बेरी बसते ना? ती दुधातल्या प्रथिनांचीच. तूप कितीही गाळा, अंश राहतो. काही मुलांना सोसतो, काहींना नाही. तो प्रयोग आजीने करायचा नाही.

‘सवय होते’ हे सगळ्यात घातक. 2015च्या शेंगदाण्यांवरच्या अभ्यासाचा हा विपर्यास असावा. त्यात तान्ह्यांना अ‍ॅलर्जी होऊ नये म्हणून शेंगदाणा लवकर सुरू केला होता. ज्यांना आधीच होती, त्यांना घेतलंच नव्हतं. झालेल्या अ‍ॅलर्जीवर थोडं थोडं देण्याचे उपचार आहेत, पण तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

मग करायचं काय? वर्षाच्या आतल्या बाळाचं दूध डॉक्टरच ठरवतील. नारळाचं किंवा बदामाचं दूध त्याची जागा घेत नाही, त्यात प्रथिनं फारच कमी. मोठ्या मुलाला कढीऐवजी सोलकढी, शिऱ्याला नारळाचं दूध. कॅल्शियमला नाचणी: 100 ग्रॅममध्ये साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम. मोदकाच्या उकडीत तुपाऐवजी चमचाभर खाण्याचं खोबरेल तेल घाला, पारी तितकीच मऊ होते. फक्त मोदक वळायला बसलेल्या काकूंच्या शेजारून तुपाची वाटी आधी उचला.