बत्तिसावा गुण

बी.कॉम.च्या पहिल्या सत्रात मला गणितात ८० पैकी ३१ पडले. पास व्हायला ३२ लागत. अंतर्गतला २० पैकी १६ होते, म्हणजे बेरीज ४७. घरी मी फक्त बेरीज सांगितली. आईने देवापुढे गूळ ठेवला. मग गुणपत्रिका हातात आली. अंतर्गत आणि लेखी वेगवेगळं सुटावं लागतं, हे तिच्या पाठीमागे मुंगीएवढ्या अक्षरात छापलेलं होतं. तोवर गूळही मुंग्यांनीच नेला होता.

एटीकेटी म्हणजे ‘अलाऊड टू कीप टर्म्स’. पुढच्या वर्गात खुशाल बसा, मागचं लचांड बरोबर घेऊन. किती विषयांचं लचांड चालतं, याची नोटीस कॉलेजच्या फळ्यावर होती. वाक्य एकच, पण त्यात ‘परंतु’ तीन. दोन्ही सत्रांचे मिळून इतके, परंतु एका सत्रात तितकेच, परंतु अंतर्गत राहिलं असेल तर... मी तिथेच वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. दोनदा ताळा केला. गणितात नापास झाल्यावर मी बरोबर सोडवलेलं ते पहिलं गणित.

पहिल्या सत्राचा पेपर पहिल्या सत्राच्याच परीक्षेबरोबर, म्हणजे गणपतीची चवथ उलटून गेल्यावर. त्यामुळे सगळा गोतावळा जमायच्या वेळी माझा निकाल नेमका अर्धवट असे. गणपतीच्या डोक्यावर फळं टांगायची चौकट म्हणजे माटोळी; तिला सुपाऱ्यांचा घड बांधता बांधता मावशी खाली वाकून विचारायची, “तुझा तो एक राहिला होता ना रे?” घड नीट बांधण्यापेक्षा माझं उत्तर ऐकणं तिला जास्त महत्त्वाचं वाटे. मामा तेवढा माझ्या बाजूने. तो शिकला तेव्हा गोव्याची कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. “आमचं बरं होतं,” तो म्हणायचा, “नापास झालो की मुंबईवर ढकलायचं. ८५ साली विद्यापीठ घरचं झालं आणि ती सोय गेली.”

फॉर्म भरायला गेलो तर क्लार्क जेवायला गेलेला. दुसऱ्या दिवशी फॉर्म संपलेले. तिसऱ्या दिवशी फॉर्म होते, पण विलंब शुल्क सुरू झालं होतं.

त्या वर्षीही नाही सुटलं. किती पडले ते विचारू नका, ३१ ची आठवण यायची. पुढच्या वर्षी अभ्यासक्रम बदलला आणि ‘जुना अभ्यासक्रम’ या जमातीत कॉलेजभरात मी एकटाच उरलो. माझ्यासाठी एक अख्खा वर्ग, एक पंखा, एक पर्यवेक्षक मॅडम. बाकी ३९ बाकं रिकामी असूनही त्यांनी मला माझ्या नंबरच्याच बाकावर बसवलं. वर, “इकडे तिकडे बघायचं नाही.”

प्रश्नपत्रिकेचं पाकीट फोडायच्या आधी, ते बंद होतं म्हणून दोन परीक्षार्थींच्या सह्या लागतात. परीक्षार्थी एक. मॅडमनी नियमावली चाळली. एकट्या परीक्षार्थीचा विचार नियमावलीने केलेलाच नव्हता. आठ मिनिटं गेली. शेवटी कॉरिडॉरमधून शिपायाला बोलावलं. त्याने माझ्याच पेनाने माझ्या सहीखाली सही ठोकली, पेन परत देताना माझ्याकडे निरखून बघितलं आणि कोकणीत म्हणाला,

“फाटल्या वर्साय तूंच न्हय रे?”