आयआयटीतील मुलींच्या वाढीव जागा: एक खुलासा

'आयआयटीत मुलांच्या २० टक्के जागा काढून मुलींना दिल्या आणि त्यासाठी परीक्षेतही सूट दिली' असा दावा सध्या अनेकांकडे फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

आयआयटींच्या पदवी अभ्यासक्रमांत २०१६च्या सुमारास मुलींचे प्रमाण जेमतेम ८ टक्के होते. आयआयटी मंडीचे तत्कालीन संचालक टिमोथी गोन्साल्विस यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनंतर २०१८च्या प्रवेशांपासून हे प्रमाण टप्प्याटप्प्याने, म्हणजे १४, १७ आणि मग २० टक्क्यांपर्यंत नेण्याचे ठरले. मात्र त्यासाठी लागणाऱ्या जागा 'अधिसंख्य', म्हणजेच मंजूर जागांव्यतिरिक्त निर्माण केलेल्या होत्या आणि आधीपासून मुला-मुली सर्वांसाठी असलेल्या जागांची संख्या घटवायची नाही, हे त्या योजनेचे मूळ सूत्र होते. गैरसमजाचे कारण बहुधा हा 'अधिसंख्य' शब्दच असावा, कारण तो वगळून वाचले की उरते ते केवळ २० टक्के आरक्षण.

परीक्षेतील सवलतीचा मुद्दाही टिकत नाही. आयआयटी प्रवेशाची जेईई अॅडव्हान्स्ड ही परीक्षा सर्वांना एकच असते आणि पात्रतेचे किमान गुण प्रवर्गानुसार ठरतात, मुलगा की मुलगी यावरून नव्हे. मुलींसाठीच्या जागांवर प्रवेश बंद होण्याचा क्रमांक, म्हणजे शेवटचा प्रवेश मिळालेल्या विद्यार्थिनीचा गुणवत्ता क्रमांक, अनेक शाखांमध्ये मागे जातो, हे मात्र खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण त्या जागांवरची प्रत्येक मुलगी ती कठीण परीक्षा उत्तीर्ण होऊनच तेथे पोहोचलेली असते, आणि तिच्यावर कोणाची जागा बळकावल्याचा ठपका ठेवणे अन्यायाचे आहे.