२० विजय, १३४ पराभव आणि एक ट्रामवाला मालक

बेसबॉलमधला आजवरचा सगळ्यात भिकार संघ कोणता, हा वाद इथे अमेरिकेत, क्लीव्हलंडच्या ओहायो राज्यात, अधूनमधून रंगतो. कुणी १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचं नाव घेतं (१२० पराभव), कुणी २०२४ च्या शिकागो व्हाइट सॉक्सचं (१२१). मग एखादा जुना जाणकार शांतपणे म्हणतो, "१८९९, क्लीव्हलंड स्पायडर्स." विषय संपतो, सगळे हसतात. १५४ सामने, त्यातले २० जिंकले, १३४ हरले. पहिल्या आलेल्या ब्रुकलिनच्या ८४ सामने मागे.

माझं म्हणणं एवढंच, की हसायचंच असेल तर मालकाला हसा. स्पायडर्स वाईट खेळले हे खरंच आहे. पण त्यांना वाईट करून ठेवलं होतं, आणि तेही व्यवस्थित हिशेब मांडून.

फ्रँक रॉबिसन हा मूळचा ट्रामवाला. शहरातल्या ट्रामच्या लाइनी त्याच्या, संघही त्याचा. १८९१ साली त्याने लीग पार्क नावाचं मैदान बांधलं ते नेमकं आपल्या ट्रामच्या वाटेवर. म्हणजे मॅचचं तिकीट त्याचं आणि येण्याजाण्याचं भाडंही त्याचंच. धंद्याचं डोकं म्हणून मला याचं कौतुकच वाटतं. संघही बरा होता. सलामीच्या मॅचला पिचर होता साय यंग. पिचर म्हणजे आपला बोलर, आणि साय यंग म्हणजे ज्याच्या नावाने आजही वर्षातल्या सर्वोत्तम पिचरला पुरस्कार देतात तो, ५११ सामने जिंकणारा. १८९५ मध्ये याच स्पायडर्सनी बलाढ्य बाल्टिमोरला हरवून टेम्पल कप (लीगमधल्या पहिल्या दोन संघांतली तेव्हाची चषकाची लढत) जिंकला होता. १८९८ लाही बारा संघांत पाचवे आले होते.

मग बिनसलं कुठे? गल्ल्यावर. क्लीव्हलंडमध्ये रविवारी व्यावसायिक बेसबॉलला बंदी होती. गिरणी-कारखान्यातल्या माणसाला सुट्टी रविवारचीच, आणि त्याच दिवशी मैदानाला कुलूप! १८९७ मध्ये रॉबिसनने रविवारी मॅच लावून बघितली, तर पहिल्या डावानंतर पोलिसांनी दोन्ही संघांचे खेळाडू धरून नेले. इथपर्यंत माझी सहानुभूती रॉबिसनकडे आहे.

पण पुढे त्याने जे केलं ते अक्षम्य आहे. १८९९ च्या सुरुवातीला सेंट लुइसचा संघ दिवाळखोरीमुळे लिलावात निघाला. तिथे लोकवस्ती मोठी, आणि रविवारी खेळायला आडकाठी नाही. फ्रँक आणि त्याचा भाऊ स्टॅनली यांनी तो पदरात पाडून घेतला. क्लीव्हलंडचा संघ मात्र विकला नाही. एकाच लीगमध्ये एकाच घरचे दोन संघ, आणि तेव्हा हे नियमात बसत होतं! ब्रुकलिन आणि बाल्टिमोरचंही तसंच गूळपीठ होतं. मुंबई इंडियन्सच्या मालकांनी उद्या चेन्नई विकत घ्यावी आणि "वानखेडेवर हल्ली गर्दी होत नाही" म्हणून बुमरापासून सगळे चांगले गडी रातोरात तिकडे धाडावेत, तसा प्रकार. साय यंग गेला, जेसी बर्केट गेला, बॉबी वॉलेस गेला, मॅनेजर पॅट्सी टेबोसुद्धा गेला. आदल्या वर्षी तळाला राहिलेल्या सेंट लुइसची खोगीरभरती क्लीव्हलंडच्या माथी आली.

मोसमाची पहिलीच मॅच सेंट लुइसला, त्याच सेंट लुइसविरुद्ध. समोर चेंडू टाकायला साय यंग. स्पायडर्स १०-१ ने हरले. क्लीव्हलंडच्या ज्या माणसाने दुसऱ्या दिवशी पेपरात ही बातमी वाचली असेल, त्याने घरच्या मॅचचं तिकीट कशासाठी काढायचं?

त्याने काढलंच नाही. घरच्या ४२ सामन्यांना मिळून ६,०८८ माणसं आली. सरासरी १४५. आमच्या डोंबिवलीत टेनिस बॉलच्या फायनलला याहून जास्त उभी असतात. पाहुण्या संघाला गल्ल्यातला वाटा मिळायचा, पण या गल्ल्यात हॉटेलचं बिलही निघेना, तेव्हा बाकीचे संघ क्लीव्हलंडला यायलाच तयार होईनात. मग उरलेले सामने परगावी. स्पायडर्स बाहेर ११२ सामने खेळले आणि त्यातले १०१ हरले. महिनोन् महिने आगगाडी, हॉटेल, हार, पुन्हा आगगाडी.

मला सगळ्यात संताप येतो तो लेव्ह क्रॉसच्या प्रकरणाचा. हा चांगला खेळाडू, त्यालाच मॅनेजर केलं होतं. गाळात रुतलेल्या संघाला त्याने पहिल्या ३८ सामन्यांत ८ विजय मिळवून दिले. बक्षीस काय? त्यालाही सेंट लुइसला उचललं. पिचर विली सडहॉफ जरा बरा वाटला, तर तोही तिकडेच. म्हणजे एकदा लुटून समाधान झालं नाही, ताटात चुकून उरलेलं शितही वेचून नेलं.

क्रॉसच्या जागी आला जो क्विन. जन्म ऑस्ट्रेलियातला आणि बेसबॉलव्यतिरिक्त धंदा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा. (हे मी रचून सांगत नाहीये.) त्याच्या हाताखाली १२ विजय, १०४ पराभव. संघाने मोसमभरात ५२९ धावा केल्या आणि १,२५२ दिल्या. लागोपाठ दोन सामने जिंकण्याचा पराक्रम अख्ख्या मोसमात एकदाच. ऑगस्टअखेरपासून सलग २४ पराभव, मग एक विजय, मग शेवटपर्यंत आणखी १६ पराभव. जिम ह्यूई नावाचा पिचर ४ सामने जिंकला आणि ३० हरला. त्यानंतर आजतागायत एका मोसमात ३० पराभव कुणाच्याच नावावर लागलेले नाहीत. पण जरा विचार करा, तिसावा पराभव झाला तेव्हाही हा माणूस चेंडू हातात घेऊन उभा होता. पळून गेला नाही. याला टुकार म्हणायचं की चिवट?

ऑक्टोबरमध्ये सिनसिनाटीला शेवटची मॅच. तिथे तर हॉटेलातल्या सिगारच्या ठेल्यावर काम करणारा एडी कोल्ब हा पोरगा पिचर म्हणून उतरवला. १९-३ ने हरले. हसू येतंच, मलाही आलं.

आणि एवढं करून रॉबिसन बंधूंनी मिळवलं काय? सगळे तारे गोळा करूनही सेंट लुइस पाचवंच आलं. म्हणजे जिथे ती माणसं क्लीव्हलंडमध्ये आदल्या वर्षी होती, बरोब्बर तिथेच! १९०० मध्ये लीगने बाराचे आठ संघ केले, त्यात स्पायडर्सना निरोप मिळाला. एका मालकाने दोन संघ ठेवायचे नाहीत, हा नियम पुढे झाला. सेंट लुइसचा तो संघ आज कार्डिनल्स म्हणून मिरवतो.

क्लीव्हलंडला १९०१ मध्ये नव्या लीगमधला नवा संघ मिळाला. हाच पुढे इंडियन्स झाला आणि २०२० मध्ये नाव बदलायचं ठरलं तेव्हा बऱ्याच चाहत्यांनी "स्पायडर्स" घ्या म्हणून लावून धरलं होतं. घेतलं "गार्डियन्स". मला विचाराल तर संधी घालवली. १३४ पराभवांचं नाव कशाला, असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, की साय यंग आणि टेम्पल कप कुठल्या नावाने आले होते? ज्यांना पटत नाही त्यांनी खाली कमेंटमध्ये भांडावं, रविवार आहे, मी मोकळाच आहे.