तेवीस पाय

माझ्या चित्रांचे प्रदर्शन तीन दिवस चालले आणि त्यातले आज मला एवढेच आठवते, की एका गृहस्थांनी येशूच्या बारा शिष्यांचे पाय छत्रीच्या टोकाने मोजले आणि ते तेवीस भरले.

योहानाच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायात येशू जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल गुंडाळतो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो. त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी आमचे फादर बारा जणांचे पाय धुतात, आणि ते बाराही जण घरून पाय स्वच्छ धुऊनच येतात. एका वर्षी मलाही बसवले होते, तेव्हा मी नखे कापून आणि नवे मोजे घालून गेलो होतो. देवाला धुण्यासारखे काही शिल्लकच ठेवायचे नाही, अशी आमची भक्ती! त्या लाजेतून हे चित्र सुरू झाले. मंडईतल्या हमालांच्या टाचा आठवून मी एकेक भेग रंगवली आणि मधोमध आजीचे तांब्याचे घंगाळ ठेवले.

गृहस्थ पावसामुळे आत शिरले होते, हे त्यांनी आपण होऊन सांगितले. त्यांचा पहिला प्रश्न असा, की या मंडळींनी धोतरे का नेसली आहेत? मी उत्साहाने अँजेलो द फोन्सेका यांचा दाखला दिला. मूळचे गोव्याचे हे चित्रकार (१९०२–१९६७) याच पुण्यात, शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले, त्यांनी चित्रांत येशूच्या आईला, मारियेला साडी नेसवली आणि त्याबद्दल स्वधर्मीयांचीच बोलणी खाल्ली. गृहस्थांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "त्यांचे पाय बरोबर असतील."

"म्हणजे?"

"बारा दुणे चोवीस. तुमचे तेवीस आहेत. दोनदा मोजले. माझी सगळी नोकरी ऑडिटात गेली."

मी मोजले. तेवीसच होते. छत्रीचे पाणी एव्हाना माझ्या चपलेवर ठिबकत होते.

"बरं, यातला तो दगा देणारा कोणता?"

या प्रश्नाची मी तीन दिवस वाट पाहत होतो. यहूदा अजून उठून गेलेला नसतो, त्यामुळे त्याचेही पाय येशूने धुतलेच असणार. म्हणून कोणते पाय त्याचे हे ओळखू येऊ नये अशीच मी सगळ्यांची रचना केली आहे, हे मी भरल्या गळ्याने सांगितले.

"थोडक्यात, तुम्हालाही माहीत नाही," गृहस्थ म्हणाले.

इथे माझा तोल गेला. दालनाचे भाडे भरणारा मी, चौकटींचे पैसे देणारा मी, आणि येणारे नातलग "छान वेळ जातो तुमचा" म्हणून चहा पिऊन जाणार; हौशी माणसाच्या चित्रात लोक चुकाच शोधतात, तसे नामवंतांचे पाय मोजायला कोणी छत्री उचलत नाही. मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "आपले पाय धुऊ द्यायला पेत्र आधी तयार नव्हता, असे शास्त्रात आहे. त्याने एक पाय मागे घेतला आहे."

गृहस्थ प्रथमच चित्राकडे नीट पाहू लागले. "असं होय," ते हळूच म्हणाले, "मग तसं खाली लिहायला हवं होतं." आणि पाऊस थांबल्यावर निघून गेले.

येशूच्या चित्रासमोर उभे राहून, येशूच्याच शिष्याच्या नावावर थाप मारल्याचे मला पंधरा मिनिटांनी बोचू लागले. त्यांना गाठावे म्हणून बाहेर आलो, तर रस्त्यावर सगळ्याच छत्र्या काळ्या. परत येऊन अभिप्रायाची वही उघडली. सुवाच्य अक्षरात, तारीख घालून, त्यांनी लिहिले होते: "पाय २३. एक पेत्राकडे येणे. हिशेब जुळला."

चित्र आता घरी कपाटामागे आहे. पेत्राचे दोन्ही पाय त्यात व्यवस्थित दिसतात. एक पाय कोणाचा राहिला, ते मला अजून सापडलेले नाही.