डबा बंद असताना गेलेल्या त्या तीन मेसेजबद्दल

नमस्कार ताई, कर्वेनगरच्या किचनमधून मालकीण लिहितेय. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू आज पहाटे कणीक मळायच्या आधी वाचला आणि दिवसभर डोक्यातून गेला नाही. तुम्ही लिहिलंय की वडील आयसीयूत होते, डबा बंद ठेवा असं फोन करून सांगितलं होतं, तरी पंधरा दिवसांत तीनदा व्हॉट्सॲपवर ‘आमच्या हातची चव विसरलात का? परत या, 10 टक्के सूट’ असा मेसेज आला, आणि ‘थांबवा’ लिहिलं त्यालाही कुणी उत्तर दिलं नाही. सगळं खरं आहे, मी तारखा तपासल्या. मनापासून माफी मागते.

तुमचा फोन मीच घेतला होता, वहीत लिहिलंही होतं, ‘बाबा ॲडमिट, कळवेपर्यंत खाडा’. आमच्या वहीत खाड्यापुढे कारण असतंच, कुणाचं ‘गावाला’, कुणाचं ‘पोट बिघडलं’, आणि ते वाचून सासूबाई डबे भरताना विचारतात की अगं त्यांना बरं वाटलं का. पण कंप्युटरवर चढवताना खाड्याला एकच बटण, कारण लिहायला जागाच नाही, त्यामुळे सिस्टीमला कळतं ते एवढंच की या खात्यावरून सलग पाच दिवस डबा गेला नाही, की सहाव्या दिवशी मेसेज सुटतो, मग नवव्या, मग बाराव्या. मजकूर व्हॉट्सॲपकडून आधीच मंजूर करून घेतलेला असतो, तुमचं नाव तेवढं रिकाम्या जागी बसतं. हा नियम मीच लावायला सांगितला होता, कारण परीक्षा झाल्या की होस्टेलची पोरं न सांगता रूम सोडून जातात आणि कोण गेलं ते महिनाअखेरीला हिशेबाला बसल्यावर कळतं. पोरांसाठी केलेला नियम तुम्हाला लागला, तो लावताना आजारपणाचा विचार माझ्या डोक्यात यायला हवा होता, आला नाही.

‘थांबवा’चं सांगते. मेसेज ज्या नंबरवरून जातात तो आमच्या फोनमध्ये नाहीये, त्यावरची उत्तरं कंप्युटरवर वेगळ्या पॅनलमध्ये पडतात आणि ते आम्ही फक्त बिल बघायला उघडत होतो. तुमचं उत्तर तिथे तसंच न वाचलेलं पडलं होतं, त्याच्या खाली अजून चार जणांची होती. त्या चौघांनाही आज फोन केले.

आणि तुम्ही विचारलंत की नंबर 1909 वर डीएनडीला, म्हणजे जाहिरातीचे कॉल-मेसेज बंद करायच्या यादीत, टाकलेला असताना मेसेज आला कसा, तर ते डीएनडी एसएमएस आणि कॉलपुरतं असतं, व्हॉट्सॲपला लागू होत नाही, तिथे पहिल्या दिवशी फॉर्मवर ‘अपडेट्स चालतील’ला केलेली टिक धरली जाते. पण तुम्ही ती टिक उद्याची भाजी कळावी म्हणून केली होती, ऑफरसाठी नाही, त्यामुळे नियमात बसतंय असं म्हणून मी हात झटकणार नाही.

आता ‘परत या’वाला मेसेज सगळ्यांसाठीच बंद केलाय. सलग पाच खाडे दिसले तर मला यादी येते, ती मी वहीशी ताडून बघते आणि गरज वाटली तरच स्वतः फोन करते. डब्यांचा बॅलन्स संपत आल्याचा मेसेज मात्र चालू ठेवलाय, तो बंद केला तर लोक ओरडतात की आधी सांगितलं का नाही, पण ज्याचा डबा बंद आहे त्याला तोही जाणार नाही. पॅनलमधली उत्तरं रोज दुपारी डबे गेल्यावर माझी मुलगी बघते, आणि ‘नको’, ‘बंद करा’, ‘थांबवा’ काहीही लिहिलं तरी नंबर यादीतून काढते.

तुमचे 11 डबे शिल्लक आहेत, त्याला मुदत नाही, पैसे परत हवे असतील तर आजच पाठवते. तुम्ही शेवटी लिहिलंय की बाबा आता घरी आलेत, ते वाचून खूप बरं वाटलं. त्यांना मऊ भात, बिनतिखट वरण, मीठ कमी, असं काही डॉक्टरांनी सांगितलं असेल तर वेगळा डबा करून देते, त्याचे पैसे धरणार नाही. जुन्याच नंबरवर फोन करा, तो मीच उचलते.