आधी थांबणारी गाडी, मग चालणारी

जुनी पिकअप घरी आणली की बघायला येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, चालू होते का? आणि आणणारा पण त्याच नादात असतो. बॉनेट उघडायचं, बॅटरी जोडायची, सेल्फ मारायचा, काळा धूर निघाला की व्हिडिओ काढून टाकायचा. माझं मत याच्या बरोब्बर उलटं आहे आणि त्यावरून माझे भरपूर वाद झालेत, अजून होतील, चालतंय. शिकाऊ माणसाने घरी जुनी पिकअप रिपेअर करायला घेतली तर पहिला पाना मागच्या ब्रेकला लावायचा. इंजिन सगळ्यात शेवटी.

यावर हमखास ऐकायला मिळणारं वाक्य म्हणजे "अरे ब्रेक म्हणजे जिवाशी खेळ, नवख्याने हात पण लावू नये." जिवाशी खेळ आहेच, कोण नाही म्हणतंय. पण मग कित्येक वर्षं उभी असलेली गाडी आधी चालू करून "जरा एक चक्कर मारून बघतो" म्हणणारा पण हाच नवखा असतो ना? इंजिन एकदा सुरू झालं की गाडी जागेवर ठेवायचा धीर कोणाला नसतो, मग ब्रेक राहतात "पुढच्या रविवारी". त्यापेक्षा गाडी बंद आहे, कुठे जायचं नाहीये, कोणी वाट बघत नाहीये, अशा वेळी शांतपणे ब्रेक उघडलेले काय वाईट? आणि ब्रेक स्वतः उघडायचे म्हणजे स्वतःच पास करून रस्त्यावर आणायचे असं मी म्हणतच नाहीये. बाहेर काढायच्या आधी अनुभवी मेकॅनिकला दाखवायचेच, त्याबद्दल वादच नाही.

दुसरं कारण म्हणजे मागचा ड्रम ब्रेक शिकायला फार चांगला आहे. १९०२ च्या सुमारास लुई रेनोने आणला तेव्हापासून मूळ कल्पना तीच, गोल ड्रम, आत दोन शू, दाब आला की शू पसरतात आणि ड्रमला घासतात. सगळं डोळ्यांना दिसतं, सेन्सर नाही की कॉम्प्युटर नाही. आणि निसर्गाने, म्हणजे इंजिनिअरने, तुम्हाला उत्तरपत्रिका पण दिलीय, दुसऱ्या बाजूचं चाक. एका वेळी एकच बाजू उघडायची, स्प्रिंग कुठली कुठे अडकवायची ते विसरलं की पलीकडे जाऊन बघायचं, फक्त तिकडे सगळं आरशातल्यासारखं उलटं असतं एवढं लक्षात ठेवायचं. इंजिनमध्ये अशी सोय नाही.

पण ड्रमपर्यंत पोचायच्या आधीच खरी धोक्याची जागा येते, ती म्हणजे गाडी उचलणं. इथे मी जरा जास्त बोलणार आहे. पिकअपचा हँडब्रेक साधारणपणे फक्त मागच्या चाकांना असतो. तुम्ही मागची चाकं उचलली की तो हवेत गेला. गिअरमध्ये ठेवू म्हणाल तर गिअर पण मागच्याच चाकांना जोडलेला, आणि एकच चाक उचललं तरी डिफरन्शिअलमुळे (दोन मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा डबा) हवेतलं चाक फिरतं आणि जमिनीवरचं पण सुटतं. वर ड्रम निघावा म्हणून हँडब्रेक सोडावा लागतोच. म्हणजे त्या क्षणी अख्खी गाडी फक्त पुढच्या चाकांखालच्या ठोकळ्यांवर उभी असते. म्हणून ठोकळे पुढच्या दोन्ही चाकांना, पुढून आणि मागून, चांगले जाड, आणि जमीन सपाट आणि कडक. मातीत जॅक लावायचा नाही, तो कलतो. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करायचे. आणि जॅक हा उचलायला असतो, धरून ठेवायला नाही, गाडी जॅक स्टँडवर उतरवल्याशिवाय तिच्याखाली बोट सुद्धा घालायचं नाही. विटांवर गाडी ठेवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, सरळ निघून जातो.

आता ड्रम. जुन्या गाडीचा ड्रम सहजासहजी निघत नाही, आणि नवखा माणूस इथे हातोडा घेतो. थांबा. ड्रम आतून झिजतो आणि कडेला एक काठ उरतो, शू त्या काठाला आतून अडकतात. बॅक प्लेटला (ड्रमच्या मागची पत्र्याची ताटली, जिच्यावर शू बसवलेले असतात) मागून एक छोटं भोक असतं, बहुतेक वेळा रबरी बूच लावलेलं, तिथून अ‍ॅडजस्टरचं दात्यांचं चाक (याने शू ड्रमच्या जवळ-लांब होतात) उलटं फिरवून शू आत घ्यायचे. बऱ्याच ड्रमना पुढे दोन आट्यांची भोकं पण दिलेली असतात, त्यात बोल्ट घालून आळीपाळीने थोडे थोडे आवळले की ड्रम आपोआप बाहेर ढकलला जातो. हे ज्याला माहीत नसतं तो ड्रम फोडतो आणि मग "जुनी गाडी म्हणजे कटकट" म्हणतो.

ड्रम निघाला की आत धूळ दिसेल. ती फुंकायची नाही, हवा मारायची नाही. जुन्या लायनरमध्ये (शूवरचा घासणारा थर) अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुफ्फुसात गेलं की परत येत नाही. मास्क घाला आणि ब्रेक क्लीनरने ओलं करून खाली ट्रेमध्ये उतरवा. मग काहीही सोडवायच्या आधी फोटो, एक लांबून, दोन-चार जवळून. दोन शू दिसायला जुळे भाऊ वाटतात पण कित्येक गाड्यांमध्ये एकाचं लायनर आखूड असतं, आणि अ‍ॅडजस्टर डाव्या-उजव्या बाजूचे वेगळे असतात, एकाचे आटे सुलटे तर दुसऱ्याचे उलटे. अदलाबदल झाली तर जिथे अ‍ॅडजस्टरने झीज भरून काढायची तिथे तो उलट ढिला होत जातो. पेडल रोज थोडं जास्त खाली जातं आणि कारण सापडता सापडत नाही.

मला सगळ्यात जास्त मजा येते ती आतलं ओलं बघून काय गळतंय ते ओळखण्यात. ड्रमच्या आत ओलं दिसलं की शिकाऊ माणूस लगेच म्हणतो सिलिंडर (ब्रेक ऑइलच्या दाबाने शू पसरवणारा) गेला. असेलही. पण मागच्या एक्सलचं सील गेलं तरी गिअर ऑइल तिथेच येतं. मग बघायचं कसं? गिअर ऑइल जाड असतं, त्याला गंधकासारखा उग्र वास असतो, पाण्यात मिसळत नाही. ब्रेक ऑइल पातळ असतं आणि पाण्यात विरघळतं. एका वाटीत थोडं पाणी घेऊन एक थेंब टाका, दहा सेकंदात निकाल. (वाटी परत स्वयंपाकघरात नेऊ नका, तो वेगळाच अपघात.) चाकाच्या सिलिंडरच्या दोन्ही टोकांची रबरी टोपी जरा उचलून बघा, आत नुसती ओल असेल तर ठीक, थेंब गळला तर सिलिंडर बदलायचा. लायनरने तेल प्यायलं असेल तर ते धुऊन घासून परत लावायचं नाही, नवीन, आणि दोन्ही बाजूंना. नाहीतर ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते.

ब्रेक ऑइलबद्दल पण लोक फार निष्काळजी असतात. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ या दर्जाचं नवीन ऑइल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असं मानक आहे, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी गेलं की हीच मर्यादा १५५ वर येते. माल भरलेली पिकअप घाट उतरत असेल तर ब्रेक तापतात, ऑइल उकळतं, वाफ झाली की पेडल दाबलं तरी नुसती वाफच दबते आणि गाडी पुढे जात राहते. म्हणून उभ्या राहिलेल्या गाडीतलं जुनं ऑइल "दिसायला बरं आहे" म्हणून ठेवायचं नाही, सगळं काढायचं. डॉट ५ मात्र यात ओतायचं नाही, ते सिलिकॉनचं, ह्याच्यात मिसळत नाही. आणि रबराचे भाग पेट्रोल, डिझेल किंवा ग्रीसने साफ करायचे नाहीत, ते फुगतात.

आता पिकअपची खासियत, जी कारवाल्या मित्राला माहीत नसते. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या एक्सलच्या वर चासीला (गाडीच्या सांगाड्याला) एक व्हॉल्व्ह असतो आणि त्याचा दांडा किंवा स्प्रिंग एक्सलला जोडलेली असते. हौदा रिकामा असला की चासी वर असते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला कमी दाब सोडतो, हौदा भरला की पाटे (मागच्या स्प्रिंग) दबतात, चासी खाली येते, दाब वाढतो. किती साधं आणि किती हुशार! पण तो खाली चिखलात असतो आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही. गंजून जाम झाला तर दोन गोष्टी होतात, एकतर रिकाम्या गाडीची मागची चाकं ओल्या रस्त्यावर लॉक होऊन गाडीचं शेपूट फिरतं, नाहीतर भरलेल्या गाडीत सगळं काम पुढचेच ब्रेक करतात. अजून एक, एअर काढताना (ब्रेकच्या पाईपमध्ये अडकलेली हवा बाहेर काढताना) गाडी चासीवर उचलून एक्सल लोंबकळत ठेवला तर या व्हॉल्व्हला वाटतं गाडी एकदम रिकामी, तो मागचा रस्ता अडवतो आणि तुम्ही पेडल मारत बसता. स्टँड एक्सलखाली लावायचे. चाकांचा क्रम मॅन्युअलमध्ये बघा, नसेल दिला तर मास्टर सिलिंडरपासून (पेडलला जोडलेला, दाब तयार करणारा मुख्य सिलिंडर) सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करा, आणि ब्रेक ऑइलच्या टाकीतलं ऑइल कधीही तळाला जाऊ देऊ नका, नाहीतर परत पहिल्यापासून.

एवढं केलं की तुम्ही गंजलेला नट न तोडता काढायला शिकलात, पाईपचा नट गोल होऊ नये म्हणून वेगळा पाना लागतो हे कळलं, सील, रबर, स्प्रिंग, आटे, टॉर्क (नट किती जोराने आवळायचा ते माप) सगळं हाताखालून गेलं. मग इंजिनकडे गेलात की ते तेवढं भयंकर वाटत नाही. डिझेल इंजिनला तसंही हवा, डिझेल, कॉम्प्रेशन आणि नीट फिरवणारा सेल्फ एवढंच तर हवंय, आणि बंद पडलेल्या गाडीत निम्म्या वेळा भानगड गंजलेल्या अर्थिंगच्या पट्टीत नाहीतर फिल्टरपाशी हवा ओढणाऱ्या पाईपमध्ये निघते. पार्टचा ढीग मागवायच्या आधी तिथे बघा. त्यावर वेगळं लिहीन, आज नाही.

सगळं बसवल्यावर पेडल घट्ट दाबून मिनिटभर धरा. हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळतंय किंवा मास्टर सिलिंडर आतल्या आत ऑइल सोडतोय, आणि मग गाडी जागची हलवायची नाही. पेडल टिकलं की मेकॅनिक काकांना बोलवा, ते चाक हाताने फिरवून, खाली वाकून, पाईपचा एकेक जोड पुसून बघतील, तुम्हाला चार शब्द ऐकवतील, ऐकून घ्या. पहिली चाचणी मोकळ्या सपाट जागेत, चालण्याच्या वेगाने. आणि ५० ते १०० किलोमीटर झाले की चाकाचे नट टॉर्क पान्याने परत एकदा तपासा, रंग किंवा गंजाचा थर दबला की ते थोडे ढिले होतात.